खिडकीवरचा हिरवा पत्रा

"सर, ही खिडकी कायम उघडी ऱ्हानार असंल, तरच मी याला हात लावतो," हणमंत लोहार म्हणाले.

ते आमच्या बाथरूममध्ये स्टुलावर उभे होते. भिंतीवरचा जुना पंचवीस लिटरचा गिझर त्यांनी नुकताच उतरवला होता. आतलं उरलंसुरलं पाणी त्यांनी मोरीत ओतलं, तेव्हा तांबूस गढूळ पाण्याबरोबर क्षाराचे पांढरे पापुद्रे पसाभर बाहेर पडले. आमच्या इमारतीला बोअरचं पाणी होतं. तरीही तो गिझर माझ्या लग्नापासून पंधरा वर्षं चालला होता, आणि अजून दोन वर्षं चालला असता असं हणमंतरावांचंच मत होतं. बिघाड त्याच्यात नव्हता, विजेत होता. दोन हजार सहा साल होतं ते. साताऱ्यात सकाळी सहा ते साडेनऊ लोडशेडिंग असायचं. माझी बायको शैलजा सकाळच्या शाळेत शिकवायची. ती पहाटे साडेपाचला अंघोळ उरकून घ्यायची, मी मात्र स्टोव्हवर पातेलं ठेवून बसायचो. शेवटी मी गॅसचा गिझर आणला. त्याला टाकी नाही, वाट बघणं नाही. नळ सोडला की आत ज्योत पेटते आणि वाहतं पाणी वाहता वाहता तापतं.

ज्या दुकानातून तो घेतला, त्या दुकानाचं बसवायचं सगळं काम हणमंतराव करायचे. पन्नाशी ओलांडलेले, सावकाश बोलणारे गृहस्थ. आल्याआल्या त्यांनी बाथरूमचं दार लावून पाहिलं, उघडून पाहिलं, आणि हा गिझर इथे नको, मागच्या गॅलरीत बसवू असं सांगितलं. पाण्याची नळी भिंतीतून आत घेता येईल, पण फरशी फोडावी लागेल, ड्रिल आणावं लागेल आणि सोमवारी पुन्हा यावं लागेल. मला ते नको होतं. दुसऱ्या दिवशी माझी मेहुणी मृणाल राहायला येणार होती. फुटलेल्या फरशा आणि सिमेंटचा राडा मला घरात नको होता.

"हणमंतराव, मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो," मी हसून म्हणालो. "गॅस जळताना हवा लागते, ती कमी पडली की काय तयार होतं, हे दरवर्षी शंभर पोरांना मीच सांगतो."

"तुमाला मी काय सांगनार, सर," ते म्हणाले. "पर त्या हवेला वास नसतो. मानसाला कळतच न्हाई. मी दोन घरं बघितल्यात."

ती दोन घरं कुठली, तिथे काय झालं, हे मी विचारलं नाही. ते थोडा वेळ खिडकीकडे बघत राहिले. खिडकीला काचेच्या पाच तिरप्या पट्ट्या होत्या, दांडी फिरवली की उघडझाप करणाऱ्या. त्यांनी पाचही पट्ट्या खाचेतून सरकवून काढल्या, वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि माळ्यावर ठेवल्या.

"आता लावायचा प्रश्नच न्हाई," ते म्हणाले. "थंडी वाजली तर गरम पानी हायच की."

मग त्यांनी गिझर बसवला, सिलिंडर बाहेर पॅसेजमध्ये ठेवला, नळीच्या प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का पाहिलं. दारातून जातानाही माझ्याकडून वदवून घेतलं, की खिडकी उघडीच ठेवीन. शैलजा तेव्हा शाळेत होती.

मृणाल दुसऱ्या दिवशी सांगलीहून आली. माझं लग्न झालं तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि मांडवात माझ्या चपला लपवून बसली होती. आम्हाला मूलबाळ झालं नाही. त्यामुळे तिच्या सगळ्या सुट्ट्या आमच्याकडे जायच्या, तिला सायकल मी शिकवली, बारावीची केमिस्ट्री मी शिकवली. आता ती चोवीस वर्षांची होती, बी.फार्म. झाली होती. साताऱ्यातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या औषधविभागात जागा निघाली होती, तिच्या मुलाखतीसाठी ती आली होती. जागा तिलाच मिळणार याबद्दल मला शंका नव्हती, कारण तिच्यासारखी स्मरणशक्ती मी माझ्या नोकरीत दुसरी पाहिली नाही. ऐकलेलं, वाचलेलं तिच्या डोक्यातून जायचंच नाही. एकदा जेवताना मी गमतीनं तिला औषधांच्या कपाटातली एकेक बाटली विचारत गेलो, तर तिनं मात्रा, दुष्परिणाम, कशाबरोबर द्यायचं नाही, सगळं वाढता वाढता सांगितलं. शैलजा म्हणाली होती, हिच्यापुढे खोटं बोलायची सोय नाही.

मुलाखत शनिवारी अकरा वाजता होती. त्या सकाळी शैलजा नेहमीप्रमाणे साडेसहाला शाळेत गेली. माझे तास बारानंतर होते. मी बाहेरच्या खोलीत प्रॅक्टिकलच्या वह्या तपासत बसलो होतो. डिसेंबर होता आणि अजिंक्यताऱ्याकडून बोचरं वारं येत होतं. मृणाल टॉवेल खांद्यावर टाकून बाथरूममध्ये गेली आणि लगेच परत आली. जरा अवघडून उभी राहिली.

समोरच्या नव्या इमारतीला रंग द्यायला त्या दिवशीच सुरुवात झाली होती. परांची थेट आमच्या बाथरूमच्या खिडकीसमोर आली होती आणि तिच्यावर चार माणसं बसली होती. तिला केस धुवायचे होते, वेळ लागणार होता. खिडकीला पट्ट्या का नाहीत, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, थांब, करतो काहीतरी.

पार्किंगच्या शेडचं काम झालं तेव्हा उरलेला हिरव्या फायबरच्या पत्र्याचा एक तुकडा गच्चीच्या जिन्यात पडला होता. तो खिडकीला जवळजवळ बरोबर बसत होता. काचेच्या पट्ट्या माळ्यावर होत्या, पण त्या लावल्या तर नंतर पुन्हा काढायचा व्याप. पत्रा चार स्क्रूंवर लागत होता आणि संध्याकाळी निघालाही असता. पेचकस सापडला नाही, म्हणून मी एक नाणं घेतलं आणि त्यानंच स्क्रू आवळले. खालचा डावा स्क्रू चौकटीच्या भुसभुशीत लाकडात धरेना, तो दोनदा काढून पुन्हा लावला. मृणाल दारात उभी राहून बघत होती. सगळ्या बाथरूममध्ये हिरवा उजेड पसरला.

"पाण्याखाली गेल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली.

दाराखाली बोटभर फट होती. तेवढी हवा वीस मिनिटांना पुरेल, असं मी मनाशी म्हटलं. म्हणजे मला प्रश्न पडला होता आणि मी त्याचं उत्तरही देऊन टाकलं होतं. मी वह्यांकडे परत गेलो.

पाण्याचा आवाज बराच वेळ येत होता. पाच-सहा वह्या झाल्या असतील. मग तांब्या पडल्याचा आवाज आला. मी दुर्लक्ष केलं. आणखी दोन वह्या झाल्यावर लक्षात आलं, की पाणी एकसारखं, एका सुरात पडतंय. अंगावर घेताना आवाज बदलतो, तसा बदलत नाहीये. मी हाक मारली. दार वाजवलं. मग खांद्यानं दार ढकललं, तेव्हा तिसऱ्या धक्क्याला कडी निघाली.

ती भिंतीला टेकून कलंडली होती. चेहरा लालसर होता, झोपल्यासारखा. मी गॅस बंद केला, चादर गुंडाळून तिला बाहेर ओढलं आणि खाली राहणाऱ्या निंबाळकरांना हाका मारल्या. त्यांच्या जीपमधून आम्ही तिला जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथे लगेच ऑक्सिजन लावला. घरात काय होतं असं डॉक्टरांनी विचारलं. गॅसचा गिझर, मी म्हणालो.

"खिडकी नव्हती?"

"होती," मी म्हणालो. आणि पुढे म्हणालो, "बंद असेल."

हे वाक्य मी ठरवून बोललो नव्हतो. पण एकदा बोलून गेल्यावर मला ते सोयीचं वाटलं. खिडकी बंद *असेल*. कुणी केली, कशानं केली, हे त्या वाक्यात कुठेच येत नव्हतं.

शैलजा शाळेतून धावत आली. तिचे वडील, आप्पा, सांगलीहून निघाले. मृणाल शुद्धीवर आलेली नव्हती. डॉक्टर म्हणाले, पोलिसांना कळवावं लागतं, ते घर बघायला येतील. दुपारी दोनच्या सुमारास मी शैलजाला म्हणालो, घरी जाऊन तुझे कपडे आणि मृणालची फाईल घेऊन येतो.

घरी आल्यावर मी प्रथम कपडे भरले. मग बाथरूममध्ये गेलो. परांचीवरची माणसं जेवायला गेली होती. मी चार स्क्रू काढले, पत्रा उतरवला आणि गच्चीवर नेऊन टाकीच्या मागे टाकला. मग माळ्यावरून वर्तमानपत्राचं पुडकं काढलं, पाच पट्ट्या पुसल्या, एकेक करून खाचेत सरकवल्या आणि दांडी फिरवून बंद केल्या. चौकटीत स्क्रूची चार भोकं राहिली होती. ती पुट्टीनं बुजवली आणि बोटानं सारखी केली. मग कपडे आणि फाईल घेऊन दाराला कुलूप लावलं.

संध्याकाळी हवालदार येऊन पाहून गेले. खिडकी काचेची, बंद स्थितीत, असं त्यांनी लिहून घेतलं. बसवणाऱ्यानं काही सूचना दिली होती का, असं त्यांनी मला विचारलं. शैलजा आणि आप्पा तिथेच उभे होते. केमिस्ट्रीच्या प्राध्यापकानं स्वतःच्या हातानं खिडकी बंद करून स्वतःच्या मेहुणीला कोंडलं, हे वाक्य मला त्या दोघांच्या चेहऱ्यांवर लिहिलेलं दिसायला लागलं.

"नाही," मी म्हणालो. "तसं काही सांगितलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मृणालनं डोळे उघडले आणि शैलजाला ओळखलं. त्या एका क्षणी मला वाटलं, सगळं निभावलं. आता कुणाचं काही नुकसान नाही.

पोलिसांनी हणमंतरावांना दोन दिवस चौकीत बसवून ठेवलं. मुलगी वाचली आणि आप्पांनाही कोर्टकचेरी नको होती, त्यामुळे प्रकरण तिथेच मिटलं. पण आप्पा दुकानात जाऊन बोलायचं ते बोलून आले आणि दुकानदारानं हणमंतरावांचं काम बंद केलं. सातारा तेव्हा काही फार मोठं नव्हतं. त्यांनी बसवलेला गिझर म्हटलं की लोक नको म्हणायला लागले.

आठवड्यानं ते आमच्या घरी आले. चप्पल जिन्यातच काढली, आत या म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडला नाही. बाथरूम एकदा बघू द्या, म्हणाले. शैलजा त्यांना खूप बोलली. त्यांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. मग ते बाथरूमच्या दारात उभे राहून खिडकीकडे बघत राहिले. आत गेले नाहीत.

"सर," ते म्हणाले, "मी पट्ट्या काढून ठेवल्या हुत्या."

शैलजानं माझ्याकडे पाहिलं.

"तुमच्या लक्षात राहिलं नसेल," मी म्हणालो. "दुसऱ्या कुठल्या घरी काढल्या असतील."

ते माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. ज्या माणसाबद्दल आपला अंदाज चुकला, त्याच्याकडे आपण बघतो, तसे ते बघत होते.

"असंल," ते म्हणाले. मग त्यांनी शैलजाला विचारलं, "ताईंची तब्येत बरी हाय न्हवं आता?" ती बरी आहे म्हणाल्यावर ते गेले.

मृणाल दवाखान्यातून आमच्याच घरी आली. चालताना तोल जायचा, मध्येच एखादा शब्द सापडायचा नाही. डॉक्टर म्हणाले होते, काही आठवडे असं होईल. त्या दिवसाच्या आठवणी उलटसुलट होतील, काही कधीच येणार नाहीत, त्याची काळजी करू नका. मुलाखत हुकली होती, पण रुग्णालयानं माणुसकी दाखवली. बरी झाली की कळवा, आम्ही थांबू, असं पत्र आलं. शैलजानं ते पत्र देवापुढे ठेवलं.

एका दुपारी आम्ही तिघं चहा घेत होतो. मृणाल खिडकीतून समोरच्या इमारतीकडे बघत होती. रंग देऊन झाला होता, परांची काढली होती.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी बाथरूमच्या खिडकीवर काहीतरी हिरवं लावलं होतं ना?"

शैलजानं कप खाली ठेवला.

माझ्यापुढे दोन शब्द होते. त्यांतला एक होता 'हो'. मी तो म्हणालो असतो, तर त्या दिवशी घरात रडारड झाली असती, आप्पा माझ्याशी वर्षभर बोलले नसते, शैलजा कदाचित माहेरी गेली असती. आज मला वाटतं, की त्यापलीकडे फारसं काही झालं नसतं. मृणालनं तर मला तेव्हाच माफ केलं असतं.

"हिरवं?" मी म्हणालो. "नाही गं."

"तुम्ही ते लावत होतात. मी दारात उभी होते. आत सगळा हिरवा उजेड होता."

"चल, दाखवतो," मी म्हणालो.

तिचा हात धरून मी तिला बाथरूममध्ये नेलं. दांडी फिरवून काचेच्या पट्ट्या उघडल्या, बंद केल्या. तिनं काचेवर बोट ठेवलं. मग चौकटीवरून हात फिरवला. पुट्टी वाळून लाकडाच्या रंगाची झाली होती.

"मला इतकं स्पष्ट आठवतंय," ती हळू आवाजात म्हणाली.

"स्पष्ट आठवतं, तेच फसवं असतं," मी म्हणालो. मग मी तिला समजावून सांगितलं. मेंदूला प्राणवायू कमी पडला की स्मृतीत मोकळ्या जागा राहतात, आणि मेंदूला मोकळी जागा सहन होत नाही. मग तो कुठलं तरी चित्र तिथे आणून बसवतो, आणि ते खऱ्याहून खरं वाटतं. मी उदाहरणं दिली. शांतपणे, तिच्या डोळ्यांत बघत, ती बारावीत असताना शिकवायचो तसं शिकवलं. मी चांगला शिक्षक होतो. तिला सगळं पटलं.

पटलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. ती घाबरली होती. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, ती स्वतःलाच घाबरली होती.

रुग्णालयाच्या पत्राला तिनं उत्तर पाठवलं नाही. शैलजानं खूप समजावलं, आप्पा रागावले. तिचं म्हणणं एकच होतं. औषधाच्या खिडकीशी बसायचं म्हणजे आपल्या डोक्यावर लोकांचा जीव सोपवायचा. मला नसलेली हिरवी खिडकी दिसते, मग उद्या नसलेली गोळी दिसली तर? मी तिथेच बसलो होतो. मी म्हणालो, काही वर्षं जाऊ देत, मग बघू.

पुढे तिचं लग्न झालं, ती नाशिकला गेली, मुलगी झाली. नवरा चांगला मिळाला. पण ती फार्मसीकडे परत वळली नाही. घरी शिवणकाम करायची. प्रत्येक गोष्ट वहीत लिहून ठेवायची: दूध घेतलं, फीचा अर्ज भरला, शेजारणीला चावी दिली. नातेवाइकांत कशावरून वाद झाला, की पूर्वी जी सगळ्यांना तारीख-वार सांगायची, ती आता म्हणायची, तुम्ही म्हणताय तसंच असेल, माझं काही धरू नका. लोकांना तो तिचा समजूतदारपणा वाटायचा.

हणमंतराव मला एकदाच दिसले, सहा-सात वर्षांनी, लिंब गावाजवळच्या एका मंगल कार्यालयात. ते तिथे राखणीला होते, फाटकाशी खुर्ची टाकून बसले होते. मी नजर चुकवून जाणार तोच ते उठून उभे राहिले आणि त्यांनी नमस्कार केला.

"ताई बऱ्या हायत न्हवं?" त्यांनी विचारलं.

बऱ्या आहेत, मी म्हणालो. तिथे आजूबाजूला कुणी नव्हतं. बोलायला अर्धं मिनिट पुरलं असतं. पण आतून वऱ्हाड आलं आणि ते फाटक उघडायला वळले. त्यानंतर मी त्या बाजूच्या एकाही लग्नाला गेलो नाही. चार वर्षांपूर्वी ते गेल्याचं निंबाळकरांकडून कळलं. त्याच्या पुढच्या वर्षी शैलजा गेली. तिला सांगायचं राहून गेलं, असं मी म्हणू शकत नाही. तीन महिने ती अंथरुणाला होती आणि मी तिच्या उशाशी होतो.

गेल्या वर्षी मृणालचा फोन आला. पुण्यात मेंदूच्या एका डॉक्टरांकडे वेळ घेतली होती. हल्ली बारीकसारीक विसरायला होतं, म्हणाली. गॅसवर दूध ठेवून विसरले, मुलीच्या मैत्रिणीचं नाव आठवलं नाही. तेव्हाचं दुखणं आता वाढायला लागलं असेल का, याची तिला भीती वाटत होती. डॉक्टर मागचा इतिहास विचारतील, आणि तेव्हा तिथे असलेलं आता माझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. "तुम्ही याल का भाऊजी? माझ्या सांगण्यावर ते विसंबून राहायला नकोत."

मी साताऱ्याहून गेलो, ती नाशिकहून आली. बेचाळीस वर्षांची झाली होती, कानांजवळ पांढरं झालं होतं. आम्ही दोघं डॉक्टरांसमोर बसलो. डॉक्टर चाळिशीच्या बाई होत्या. त्यांनी मेंदूचे फोटो पाहिले, मग तिला चाचण्या दिल्या. वीस शब्द ऐकवले, दुसरंच काहीतरी करायला लावलं आणि मग ते शब्द विचारले. मृणालनं वीसही सांगितले. त्यांनी उलट्या क्रमानं विचारले, तेही सांगितले.

डॉक्टर हसल्या. म्हणाल्या, "फोटोत काहीच नाही. दूध मीही उतू घालवते. तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे. तुम्हाला कुणी सांगितलं, की ती बिघडली आहे?"

मृणालनं त्यांना सगळं सांगितलं. गॅस, दवाखाना आणि नंतर ती हिरवी खिडकी. "मला ती आजही दिसते," ती म्हणाली. "आणि ती नव्हती. हे ठाऊक असूनही दिसते. म्हणून भीती वाटते."

डॉक्टर माझ्याकडे वळल्या. "तुम्ही तेव्हा घरात होतात ना? नेमकं काय होतं तिथे?"

"पत्रा होता," मी म्हणालो.

मृणालनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती टेबलाच्या कडेकडे बघत होती.

"हिरव्या फायबरचा. मी लावला होता. नंतर मीच काढला आणि काचा बसवल्या."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"किती स्क्रू होते?" मृणालनं विचारलं.

"चार."

"खालचा डावा बसत नव्हता."

"नाही. लाकूड भुसभुशीत झालं होतं."

"तुम्ही नाण्यानं आवळत होतात."

"हो."

"मी म्हणाले, पाण्याखाली गेल्यासारखं वाटतंय."

"म्हणाली होतीस."

ती एकेक विचारत होती आणि मी हो म्हणत होतो. तिचा आवाज चढला नाही. शेवटी तिनं विचारलं, "आणि ते मिस्त्री?"

"त्यांनी बजावून सांगितलं होतं. खिडकी बंद होऊ नये म्हणून काचा त्यांनीच काढून ठेवल्या होत्या."

"आप्पांनी त्यांचं काम घालवलं."

"हो."

"आहेत का ते?"

"नाहीत. तीन वर्षं झाली."

मी तिची माफी मागायला लागलो. तिनं हात वर करून मला थांबवलं. मग डॉक्टरांसमोरचा कोऱ्या कागदांचा गठ्ठा आणि पेन तिनं माझ्यापुढे सरकवलं.

"लिहून द्या," ती म्हणाली. "आत्ता जे सांगितलंत ते. तारीख घाला, खाली सही करा."

"मृणाल, मी आता कधीच नाकारणार नाही."

"तुमच्यासाठी नाही," ती म्हणाली. "उद्या सकाळी उठल्यावर मला वाटायला लागेल, की हेसुद्धा मी मनानंच रचलं."

मी लिहिलं. वाक्य कसं सुरू करावं कळेना, म्हणून हणमंत लोहारांच्या नावापासून सुरुवात केली. आठ-नऊ ओळी झाल्या. मी पुढे खेद, लाज असं काही लिहायला लागलो, तेव्हा ती म्हणाली, ते नको, झालं तेवढंच लिहा. डॉक्टर उठून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या होत्या.

तिनं तो कागद ओठ हलवत तीनदा वाचला आणि घडी करून पर्समध्ये ठेवला. आम्ही बाहेर आलो. मी तिला स्टँडपर्यंत सोडतो म्हणालो, ती नको म्हणाली. दवाखान्याच्या पायऱ्यांवर आम्ही एकमेकांपासून चार हात अंतरावर रिक्षाची वाट बघत उभे राहिलो. रिक्षा येईपर्यंत तिनं दोनदा पर्स उघडली आणि कागद आत आहे ना, ते बघितलं.